उन्हाळ्यात सोलापुरात प्रकाश जास्त जोरात पळतो का?

चादरवाला | २६ एप्रिल, रात्री १०.४०

परवा भाच्याला गाडीवर मागं बसवून गावाकडं निघालो होतो. भर दुपार, डोक्याला पंचा, मोहोळच्या अलीकडं आत वळणारा सरळ डांबरी रस्ता. पुढं नेहमीसारखं पाणी साचल्यागत दिसत होतं. भाचा आठवीत. विचारलं, "मामा, हे मृगजळ ना? कशानं होतं?" मी ठोकून दिलं, "तापलेल्या हवेत प्रकाश जरा जोरात पळतो, म्हणून वाकतो." बारावी सायन्सची तेवढीच पुण्याई शिल्लक आहे.

पोरगं तिथंच गप्प बसलं असतं तर हा धागा काढावा लागला नसता. दोन मिनिटांनी मागून आवाज, "पण बाई म्हणतात प्रकाशाचा वेग कायम तेवढाच असतो. मग जोरात म्हणजे किती जोरात?"

मी गिअर बदलला, विषयही बदलला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ४४ अंशांत सोलापुरात प्रकाश खरंच वेगळ्या वेगानं जातो का? पाण्यात, काचेत काय होतं? जाणकारांनी पोराला सांगता येईल असं सांगा.

पार्कचौक | २६ एप्रिल, रात्री १०.५२

प्रकाशाचा वेग स्थिर. आईनस्टाईन. धागा बंद करा, झोपा.

उळे_एक्सप्रेस | २६ एप्रिल, रात्री ११.०५

स्थिर कसला बे? गरम हवेत आवाज जोरात जातो हे शाळेत शिकवलंय. ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, ४० ला ३५५ च्या आसपास. प्रकाशाचंही तसंच असणार.

निवृत्त_मास्तर | २७ एप्रिल, सकाळी ६.२०

दोघेही अर्धे बरोबर आहात, म्हणजे दोघांनाही अर्धे गुण.

आधी पार्कचौक. स्थिर आहे तो निर्वात पोकळीतला वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. त्याच्यापुढे दशांशसुद्धा नाही, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून केली आहे. पोकळीत तापायला काही नसतं, म्हणून तिथे तापमानाचा प्रश्न येत नाही. हवा, पाणी, काच यांत मात्र प्रकाश यापेक्षा हळू जातो. किती हळू, ते अपवर्तनांकावरून कळतं. पोकळीतल्या वेगाला त्या अंकाने भागा, माध्यमातला वेग मिळतो.

हवेचा अपवर्तनांक ० अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला १.०००२९३. म्हणजे पोकळीपेक्षा प्रकाश सेकंदाला सुमारे ८८ किलोमीटरने मागे पडतो. तीन लाखांत ८८. ही पिछाडी हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. हवा तापली की विरळ होते, वाटेत रेणू कमी भेटतात, पिछाडी घटते. १५ अंशाला ती ८३ होते, ४५ अंशाला ७५. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत प्रकाशाला जेमतेम आठ किलोमीटर प्रति सेकंद वेग जास्त मिळतो. भाच्याला हा आकडा द्या.

उळे एक्सप्रेस, तुमच्या आवाजाचं कारण वेगळं आहे. आवाज म्हणजे रेणूंनीच एकमेकांना दिलेला धक्का. रेणू तापून चपळ झाले की धक्का लवकर पोचतो. प्रकाश रेणूंच्या खांद्यावर बसून जात नाही, उलट रेणू त्याची अडचण आहेत. दोन्हीकडे उत्तर 'वेग वाढतो' असं आलं म्हणून कारण एक होत नाही.

उळे_एक्सप्रेस | २७ एप्रिल, सकाळी ७.४५

मान्य. पण सोलापूर समुद्रसपाटीला कुठंय?

निवृत्त_मास्तर | २७ एप्रिल, सकाळी ८.०२

शाबास. आपण सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब अंदाजे पाच टक्के कमी. वरचे सगळे पिछाडीचे आकडे पाच टक्क्यांनी उतरवून घ्या. गंमत म्हणजे हवा पाच टक्के विरळ करायला ती पंधरा अंश तापवावी लागते. तेवढं काम आपल्या गावाने नुसत्या उंचीवर करून ठेवलंय.

गुणाकार_चुकला | २७ एप्रिल, सकाळी ९.३०

तीन लाखांत आठ! याने रस्ता कसा काय वाकतो? पटत नाही.

निवृत्त_मास्तर | २७ एप्रिल, सकाळी १०.१५

रस्ता वाकत नाही, किरण वाकतो. आणि तोही किती थोडा ते बघा.

वारीत दिंडी चालताना पाहिली असेल. आठ-दहा माणसं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. डावीकडचे जरा भरभर चालू लागले आणि उजवीकडचे रेंगाळले, तर सगळी ओळ उजवीकडे वळते. हळू चालणाऱ्यांकडे. प्रकाशाची लाटही अशीच ओळ धरून येते. रस्त्यालगतच्या तापलेल्या हवेत तिची खालची कड पुढे जाते, वरच्या थंड हवेतली मागे राहते. ओळ वर वळते. आकाशातून रस्त्याकडे निघालेला किरण रस्त्याला न टेकताच वर वळून तुमच्या डोळ्यात येतो. तुम्हाला रस्त्यावर दिसतो तो आकाशाचा तुकडा. मेंदू म्हणतो पाणी.

आता हिशेब. रस्त्याला चिकटलेली हवा ६० अंश, डोळ्याजवळची ४०. आपल्या गावच्या दाबाला दोन्ही अपवर्तनांकांतला फरक सुमारे ०.००००१४५. याच्या दुपटीचं वर्गमूळ काढलं की किरण जास्तीत जास्त किती कोनातून वळू शकतो ते मिळतं, साधारण ०.००५४ रेडियन. अंशात सांगायचं तर एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणून मृगजळ पायाशी कधीच दिसत नाही. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर धरला तर पाणी पावणेतीनशे मीटरच्या पुढेच सुरू होईल. गाडीवर बसलेल्याला अलीकडे, ट्रकवाल्याला बरंच पलीकडे. आणि तुम्ही पुढे गेलात की तेही पुढे जातं.

चादरवाला | २७ एप्रिल, दुपारी १.१०

मास्तर, दंडवत! हे मोजून बघता येईल की. त्या रस्त्याला २०० मीटरचे दगड आहेत. कारखान्यात मोटारीच्या बेअरिंगचं तापमान बघायची गन पण आहे. रविवारी जातो.

सांगोल्याची_मीनल | २७ एप्रिल, दुपारी ३.२५

मृगजळ चालू द्या, माझं खरंखुरं नुकसान होतंय ते सांगते. कदाचित विषय तोच आहे.

आमची डाळिंबाची बाग, भगवा, हस्त बहाराचा माल तोडणीला आलाय. गेल्या आठवड्यात एक व्यापारी भर दुपारी दोन वाजता बांधावर आला. पाच फळं फोडली, दाणे रुमालात पिळले, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले आणि झाकण लावून उजेडाकडे धरलं. "१३.८. ताई, १५ च्या खाली आपण घेत नाही." भाव पाडून मागितला. मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला त्याच झाडाची फळं माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघितली तर १५.०! रात्रीतून साखर भरते का झाडात? नवरा म्हणतो तुझं मीटर खराब, मी म्हणते त्याचं.

लॅब_केमिस्ट | २७ एप्रिल, सायंकाळी ६.४०

मीनलताई, दोन्ही मीटर चांगली आहेत आणि दोन्ही रीडिंग चुकीची आहेत. विषय हाच आहे, या धाग्यावर याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सोळा सीझन काढलेत, तेव्हा हे रोजचं. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही. तो रसात प्रकाश किती मंदावतो ते मोजतो. काचेच्या प्रिझमवर रसाचा थर असतो, त्या सीमेवर ठरावीक कोनापुढचा उजेड पलीकडे जात नाही, म्हणून आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. मधली रेघ कुठे पडते ते रसाच्या अपवर्तनांकावर ठरतं. साखर जास्त, प्रकाश हळू, रेघ वर. शेजारी ब्रिक्सचे, म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्क्यांचे, आकडे छापलेले असतात इतकंच.

पण ते आकडे २० अंश तापमान गृहीत धरून छापलेले असतात. सोलापुरात २० अंश कधी असतं हो? पाण्याचा अपवर्तनांक २० अंशाला १.३३३०, ३० ला १.३३१९, ४० ला १.३३०५. एक ब्रिक्स म्हणजे या अंकात ०.००१४५ च्या आसपास वाढ. म्हणजे रस २० वरून ४० वर गेला तर साखर तेवढीच असूनही रेघ सुमारे पावणेदोन ब्रिक्सने खाली येते. साखरेच्या रसाचं थोडं इकडेतिकडे होतं, पण ढोबळ हिशेब असा: ३० अंशाला पाऊण ब्रिक्स मिळवा, ४० ला दीड ते पावणेदोन.

तुमचं बघू. दुपारचे १३.८, मीटर उन्हात तापलेलं, ४० धरा. अधिक १.६. झाले १५.४. पहाटेचे १५.०, तेव्हा २६ अंश असेल, अधिक साधारण ०.४. झाले १५.४. तुमच्या डाळिंबात साखर १५.४ च आहे, रात्री पण आणि दुपारी पण. व्यापाऱ्याने माल नाही, ऊन मोजलं.

सांगोल्याची_मीनल | २७ एप्रिल, सायंकाळी ६.५८

मी हे वाचून दोन मिनिटं नुसती बसले. पण त्याच्या मीटरवर 'एटीसी' लिहिलं होतं, तापमानाची आपोआप दुरुस्ती करतं म्हणाला.

लॅब_केमिस्ट | २७ एप्रिल, सायंकाळी ७.३०

करतं. आत दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते आणि मोजपट्टी सरकवते. पण हातातल्या बहुतेक मीटरांवर बारीक अक्षरात '१० ते ३० अंश' असं लिहिलेलं असतं. ३० च्या वर त्या पट्टीवर भरवसा ठेवू नये. आणि मीटर आत्ताच गाडीच्या डॅशबोर्डवरून काढलं असेल तर पट्टीचं तापमान एक, प्रिझमचं दुसरं.

उपाय बिनपैशाचा आहे. डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली मीटरसोबतच सावलीत अर्धा तास ठेवायची. व्यापाऱ्यासमोर आधी पाण्याचा थेंब टाकून स्क्रूने रेघ शून्यावर आणायची, मग लगेच रस. पाणीही तितकंच तापलेलं असल्याने चूक जवळजवळ सगळी तिथेच कटते. ऊसतोडणीच्या आधी प्लॉटवर हातातल्या मीटरने परिपक्वता बघतात तेव्हाही हेच करावं. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात सकाळचा ऊस कच्चा की दुपारचा यावरून भांडण ठरलेलं.

पार्कचौक | २७ एप्रिल, रात्री ९.००

धागा बंद करा म्हणालो होतो ते मागे घेतो.

मोजणीदार | २७ एप्रिल, रात्री ९.४५

रस्त्याच्या सर्व्हेला टोटल स्टेशन लावतो. त्यात लेझर किंवा इन्फ्रारेड जाऊन प्रिझमवरून परत येतो, त्या वेळावरून अंतर निघतं. प्रत्येक सेटअपला तापमान आणि दाब भरावा लागतो. आमचा तोंडपाठ नियम: एक अंश म्हणजे साधारण एक पीपीएम (दहा लाखांत एक), किलोमीटरला एक मिलिमीटर. १५ अंशाचं सेटिंग तसंच ठेवून ४४ अंशांत काम केलं तर किलोमीटरला अडीच ते तीन सेंटिमीटर अंतर कमी येतं, कारण गरम हवेत प्रकाश मशीनच्या अपेक्षेपेक्षा लवकर परततो. दाब भरला नाही तर सोलापुरात आणखी दीड सेंटिमीटर, तेही त्याच दिशेनं. सुरुवातीला एकदा हे विसरलो होतो, ट्रॅव्हर्स (मोजत मोजत पुन्हा पहिल्या खुणेवर येणारी साखळी) काही केल्या बंद होईना. साहेबांनी काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फायबर_भाऊ | २८ एप्रिल, सकाळी ११.१५

म्हणजे सगळीकडं नियम एकच, गरम झालं की प्रकाश जोरात?

निवृत्त_मास्तर | २८ एप्रिल, दुपारी १२.०५

मीही वर्गात असंच सांगत असे. निवृत्तीनंतर वाचलं आणि शरमलो. काच उलटी वागते.

लॅब_केमिस्ट | २८ एप्रिल, दुपारी १२.४०

सगळ्या काचा नाहीत.

निवृत्त_मास्तर | २८ एप्रिल, दुपारी ४.३०

बरोबर, सगळ्या नाहीत. सावकाश लिहितो, कारण खरी मजा इथे आहे.

पुष्कळ जण सांगतात की प्रकाश अणूवर आदळतो, थांबतो, पुन्हा निघतो, एसटी प्रत्येक थांब्यावर थांबते तसा. ऐकायला छान, पण तसं नसतं. तसं असतं तर बाहेर पडणारा उजेड भलतीकडेच उधळला असता. घडतं ते असं: प्रकाशाची लाट इलेक्ट्रॉनांना हलवते, हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःची लाट सोडतात, ती मूळ लाटेपेक्षा किंचित मागे असते. दोन्हींची बेरीज होऊन जी लाट आपल्याला दिसते ती मागे पडलेली असते. तेव्हा वेग दोन गोष्टींवर ठरतो, इलेक्ट्रॉन किती दाटीने आहेत आणि ते किती सहज हलतात.

हवा, पाणी, रस यांत तापमान वाढलं की दाटी कमी होते आणि तेच भारी पडतं. काच मात्र फारशी प्रसरण पावतच नाही. उलट तापल्यावर तिच्यातले इलेक्ट्रॉन हलायला किंचित सोपे होतात, दाटीतली घट त्यापुढे टिकत नाही. क्वार्ट्झच्या शुद्ध काचेचा अपवर्तनांक दर अंशाला लाखात एक या हिशेबाने वाढतो, म्हणजे प्रकाश हळू होतो. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट यांसारखं प्लास्टिक भरपूर प्रसरण पावतं, म्हणून ते पाण्याच्या बाजूचं, तेही काचेच्या दहापट वेगाने. कॅल्शियम फ्लोराइडचे भिंग क्वार्ट्झच्या जवळजवळ बरोबर उलटे. जर्मेनियमचे भिंग असलेले उष्णता बघणारे कॅमेरे तर ऊन लागताच फोकस सोडतात.

पाण्यातही ही रस्सीखेच चालू असतेच. पाणी सर्वांत दाट ४ अंशाला होतं, पण अपवर्तनांकाचं शिखर तिथे नाही, आणखी खाली शून्याच्या आसपास आहे. नुसत्या दाटीने सगळं ठरत असतं तर दोन्ही एकाच जागी आली असती.

फायबर_भाऊ | २८ एप्रिल, सायंकाळी ५.५०

आता पटलं! आमची ऑप्टिकल फायबर काचेचीच. आत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख चार हजार किलोमीटरनं जातो. केबल तुटली की ओटीडीआर (उजेडाचा स्पंद सोडून तो परतायचा वेळ मोजणारं यंत्र) लावून एका टोकाकडून किती अंतरावर तुटली ते काढतो. खांबावरून टाकलेल्या ४० किलोमीटरच्या लाईनवर पहाटे आणि दुपारी पाच-सहा मीटरचा फरक येतो असं सीनियर सांगायचा, मला वाटायचं बडबड.

निवृत्त_मास्तर | २८ एप्रिल, सायंकाळी ६.२०

बडबड नव्हे. फायबरचा उशीर दर अंशाला दर किलोमीटरला ३७ ते ४० पिकोसेकंदांनी (सेकंदाचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) वाढतो. २० अंश आणि ४० किलोमीटरला बरोबर सहा मीटर लांबी जास्त भासेल. आणि काच लांबल्यामुळे त्यातला अगदी थोडा भाग, बाकी सगळा प्रकाश मंदावल्यामुळे. जमिनीत मीटरभर खाली पुरलेल्या केबलला दिवसरात्रीचा फरक लागत नाही.

फायबर_भाऊ | २८ एप्रिल, सायंकाळी ६.३५

खरं सांगायचं तर चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेल्या लूपमुळं त्याहून जास्त चुकतं. पण आता सीनियरची माफी मागायला हवी.

गुणाकार_चुकला | २८ एप्रिल, रात्री ८.१०

थंडीत प्रकाश अडकवता येतो म्हणे? कुठंतरी वाचलं होतं, सायकलच्या वेगानं नेला.

निवृत्त_मास्तर | २८ एप्रिल, रात्री ८.४५

लेने हाऊ आणि सहकारी, १९९९. सोडियमच्या अतिथंड अणूंमध्ये प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटरवर आणला, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. सायकल नव्हे, रिकाम्या रस्त्यावरची एसटी. पण नुसत्या थंडीने तो हळू झाला नाही. दुसऱ्या लेझरने त्या अणूंना विशिष्ट अवस्थेत बांधून ठेवलं होतं, थंडी लागली ती अणू गर्दीत स्थिर राहावेत म्हणून. फ्रीजमध्ये टॉर्च ठेवून हे होणार नाही.

चादरवाला | ३ मे, सायंकाळी ५.१५

जाऊन आलो. दुपारी पावणेदोन, मी आणि भाचा, दोन बाटल्या पाणी, एक छत्री. हवा ४१, गनवर डांबर ६१.

दगडाशी कडेला उभा राहिलो. पाणी पुढच्या २०० च्या दगडाच्या पलीकडं सुरू होत होतं. भाच्याला पाठवलं, ज्या जागी त्याचे बूट पाण्यात बुडल्यासारखे दिसले तिथं हात वर करून थांबवलं. दगडापासून त्याची दीडशे पावलं भरली. टेपनं त्याचं पाऊल मोजलं, पाऊण मीटरला थोडं कमी. एकूण ३१० मीटर धरा. मास्तरांचे आले होते पावणेतीनशे.

मग खाली उकिडवा बसलो. पाणी धावत अलीकडं आलं, थेट दगडाच्या या बाजूला! भाचा बघायला लागला तर त्याला आणखी अलीकडं, बुटका आहे ना. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायले, काय हरवलं का म्हणून.

निवृत्त_मास्तर | ३ मे, सायंकाळी ६.००

वा! तीस-पस्तीस मीटरचा फरक का आला तेही सांगतो. गनने डांबराचं तापमान दिलं, त्याला चिकटलेल्या हवेचं नाही. उलट हिशेब केला तर ३१० मीटरला तिथली हवा ५७ अंशांच्या आसपास निघते. तुम्ही पावलं मोजून हवेचं तापमान काढलंत.

सांगोल्याची_मीनल | ४ मे, सकाळी ९.२०

माझंही ऐका. काल तोच व्यापारी दुपारी आला. मी आधी पाण्याचा थेंब टाकून त्याच्याच मीटरची रेघ बघायला लावली. शून्याच्या खाली! म्हणाला पाणी खराब आहे. स्क्रू फिरवून शून्यावर आणलं, रस टाकला, १५.३. गप्पच झाला. भाव अजून ठरायचाय, पण १३.८ चा विषय परत काढला नाही.

चादरवाला | ४ मे, सकाळी ९.५५

भाच्यानं हे वाचलं. त्याचा प्रश्न: मग डाळिंब फ्रीजमध्ये ठेवून मोजलं तर ब्रिक्स फुगून येईल का? व्यापाऱ्याला फसवायचं नाही, नुसतं विचारतोय म्हणे.

लॅब_केमिस्ट | ४ मे, सकाळी १०.३०

नाही येणार. थेंब केवढा, प्रिझम केवढं. टाकल्यावर काही सेकंदांत थेंब प्रिझमच्या तापमानाला येतो. डाळिंब नाही, मीटर फ्रीजमध्ये ठेवावं लागेल. आणि ते बाहेर काढलं की हवेत थोडा जरी दमटपणा असेल तर काचेवर दव धरेल, रस पातळ होईल आणि रीडिंग पुन्हा खाली.